धनी आणि मानकरी

१९ नोव्हेंबर २०१० या दिवशीं पुण्याच्या एका व्यापारी घराण्यानें इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत एक खरेदी केली. खरेदी जमिनीची नव्हती, गिरणीची नव्हती, कीं एखाद्या मालाची नव्हती. ती होती ब्लॅकबर्न रोव्हर्स नांवाच्या फुटबॉल क्लबाची. क्लब १८७५ सालीं स्थापन झालेला, म्हणजे खरेदीच्या वेळीं १३५ वर्षांचा. आणि खरीददार कोण, तर अंडीं व कोंबड्या यांचा व्यापार करणारा वेंकटेश्वर हॅचरीज हा उद्योगसमूह, जो बाजारांत 'वेंकीज' या नांवानें ओळखला जातो. या घराण्यानें २ कोटी ३० लक्ष पौंड मोजले व क्लबाच्या डोक्यावरील कर्जाचा भारही उचलला. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणींतील क्लब विकत घेणारी ही पहिलीच भारतीय कंपनी होय.

श्रोतेहो, ही वार्ता त्या वेळीं वर्तमानपत्रांतून आपल्या कानांवर आलीच असेल. परंतु ब्लॅकबर्न आणि आपण यांच्यांतील देवघेव कांहीं २०१० मध्यें सुरू झालेली नाहीं. ती त्यापूर्वीं शतकाहून अधिक काळ चालत आलेली आहे, आणि तिचा एक धागा थेट मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचतो. परक्या मुलखांतील लोकांचा आश्रयदाता होणें म्हणजे काय, पैसा देऊन त्या लोकांकडून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, हा प्रश्न या देवघेवींत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून ही कथा आपण मुळापासून पाहूं.

ब्लॅकबर्न हें कापसाचें शहर. सूत कातण्याच्या 'जेनी' यंत्राचा कर्ता जेम्स हारग्रीव्ह्ज हा याच परिसरांतला. १७६० नंतरच्या दशकांत त्यानें एकाच वेळीं अनेक चात्या फिरविणारें हें यंत्र बनविलें, आणि आपली भाकरी जाणार या भीतीनें शेजारच्या लोकांनींच त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं. पुढें एकोणिसाव्या शतकांत ब्लॅकबर्न विणकामासाठीं प्रसिद्धीस आलें. तेथील मागांवर जो माल निघे त्यांत आपल्या लोकांच्या नेसण्याचीं धोतरें हा एक प्रमुख माल होता. ज्या शहरांत कोणी धोतर नेसत नव्हतें, त्या शहरांतील हजारों चुली धोतरांवर पेटत होत्या!

परक्याच्या अंगावरचें वस्त्र विणावयाचें तर त्याच्या आवडीनिवडी कळल्या पाहिजेत. धोतर किती हात लांब हवें, त्याचे कांठ किती रुंद हवे, कोणत्या प्रांतांत कोणता रंग चालतो, हें सारें इंग्रज व्यापाऱ्यांनीं मोठ्या कसोशीनें शिकून घेतलें. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन या गृहस्थांनीं १८६६ सालीं हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचा १८ खंडांचा संग्रह सिद्ध केला. त्यांत कापडाचीं चित्रें नव्हतीं. प्रत्यक्ष कापडाचे तुकडे कापून चिकटविलेले होते. असे २० संच तयार झाले. १३ विलायतेंतील व्यापारी शहरांस मिळाले व ७ हिंदुस्थानांत ठेवण्यांत आले. इकडील स्त्रीपुरुष कोणतें वस्त्र कसें नेसतात, याचें वर्णन करणारा एक ग्रंथही वॉटसननें जोडीस लिहिला. मँचेस्टरच्या पेढ्या आपल्या ताग्यांवर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ यांचीं रंगीत चित्रें छापून चिकटवीत, कारण अक्षरओळख नसलेलें गिऱ्हाईकही चित्र पाहून ओळखीचा छाप मागत असे.

हा अभ्यास प्रेमाचा नव्हता, नफ्याचा होता, आणि त्याच्या पाठीशीं राज्यसत्तेचें बळ होतें, हें विसरतां येत नाहीं. १८९६ सालीं सरकारनें विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली, तेव्हां लँकेशायरच्या समाधानासाठीं तितकाच कर येथील गिरण्यांच्या कापडावरही लादला. १९१३ सालीं लँकेशायरमधून परदेशीं गेलेल्या सुमारें ७०० कोटी यार्ड कापडापैकीं ३०० कोटींच्या आसपास कापड एकट्या हिंदुस्थानांत उतरलें. परंतु केवळ सत्तेच्या जोरावर कांठ पसंत करून घेतां येत नाहीं. राज्यकर्त्याची जात असूनही विकणाऱ्यास गिऱ्हाइकाच्या दारीं विद्यार्थी व्हावें लागलें, एवढी गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां या कथेंतील आपल्या किनाऱ्याचा धागा पाहूं. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पाहतां पाहतां परळ-लालबागच्या आकाशांत धुराडीं उभीं राहिलीं. या गिरण्यांना जे हात मिळाले त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसांचा वांटा फार मोठा होता. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. त्यापूर्वीं मालवण, देवगड, वेंगुर्लें हे तालुके रत्नागिरींतच मोडत. भातशेतीवर वर्षाचें पोट भरेना, म्हणून घरांतील कर्ता मुलगा आगबोटीनें मुंबईस जाई, गांवकरी मंडळाच्या खोलींत वळकटी ठेवी आणि साच्यावर उभा राही. हाच आपला चाकरमानी. त्याला ठाऊक नसेल, पण सात समुद्रांपलीकडे ब्लॅकबर्नमध्यें त्याचा एक प्रतिस्पर्धी होता. दोघेही एकाच गिऱ्हाइकासाठीं धोतरें विणीत होते.

स्वदेशीच्या आणि बहिष्काराच्या चळवळींनीं या स्पर्धेला धार आली. १९३१ च्या सप्टेंबरांत, दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेलेले महात्मा गांधी लँकेशायरांत ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गांवीं जाऊन राहिले. तेथील माग बंद पडले होते व त्याच्या कारणांत येथील बहिष्कारही एक होता. तरीही बेकार कामगारांनीं त्यांचें मनापासून स्वागत केलें, आणि गिरणींतील बायकांच्या घोळक्यांत उभ्या असलेल्या गांधीजींचें छायाचित्र जगभर गेलें. त्यांनीं त्या लोकांचें दुःख ऐकून घेतलें व त्याहून मोठ्या दारिद्र्याची, आपल्या खेड्यांची, हकीकत त्यांना सांगितली. ज्याच्यामुळें आपलें नुकसान झालें तोच आपल्या दारीं येऊन आपल्याशीं बोलतो, याचें मोल त्या साध्या माणसांना कळलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लॅकबर्नच्या गिरण्या एकामागून एक थंड होत गेल्या. शेवटच्या काळांत त्यांच्या रातपाळ्या चालविण्यास गुजरातेंतून व पाकिस्तानांतून आलेलीं माणसें होतीं, आणि त्यांचीं मुलेंनातवंडें आज त्या शहरांत नांदत आहेत. इकडे १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला त्यानंतर गिरणगांव पूर्वीचें राहिलें नाहीं. दोन्हीकडचे भोंगे थांबले. परंतु ब्लॅकबर्नमध्यें एक गोष्ट गिरण्यांबरोबर गेली नाहीं. ती म्हणजे त्यांचा फुटबॉलचा क्लब.

फुटबॉल आणि गिरणी यांचें नातें जुनें आहे. १८५० च्या कायद्यानें इंग्लंडांतील कापडगिरण्यांना शनिवारीं दुपारीं दोन वाजतां काम थांबवावें लागलें, आणि त्या मोकळ्या दुपारीनें पुढें या खेळाला प्रेक्षक मिळवून दिले. प्रारंभीं खेळ चालवीत ते मोठ्या शाळांतून शिकलेले श्रीमंतांचे पुत्र. १८८३ सालीं मात्र ब्लॅकबर्न ऑलिंपिक नांवाच्या संघानें, ज्यांत विणकर, कातणारे व लोखंडाच्या कारखान्यांतील कामगार होते, ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा अंतिम सामन्यांत पराभव करून इंग्लंडचा मानाचा चषक नेला. या कामगारांना सामन्यापूर्वीं समुद्रकांठीं ब्लॅकपूल येथें नेऊन सराव करण्याची सवड मिळाली, ती सिडनी येट्स या स्थानिक लोखंडकारखानदाराच्या पैशामुळें. म्हणजे, ज्याला आज आपण 'प्रायोजक' म्हणतों तो प्राणी या शहरांत तेव्हांच जन्मास आला होता. परंतु एका धन्याच्या तिजोरीवर उभा राहिलेला तो संघ फार दिवस टिकला नाहीं. १८८९ मध्यें तो बंद पडला.

त्याचा शेजारी ब्लॅकबर्न रोव्हर्स टिकला. ग्लासगोचा पाथरवट फर्गस सूटर प्रथम डार्वेनकडून व १८८० पासून रोव्हर्सकडून खेळूं लागला, तेव्हां हा गृहस्थ पाथरवटकी सोडून नुसत्या खेळावर कसा जगतो, अशी कुजबूज झाली. अखेर १८८५ मध्यें खेळाडूंना वेतन देण्यास उघड मान्यता मिळाली. १८८८ सालीं इंग्लंडांतील १२ क्लबांनीं मिळून जी लीग काढली तिच्या संस्थापकांत रोव्हर्स होता. १८८४, १८८५ व १८८६ अशीं सलग तीन वर्षें त्यानें चषक जिंकला, आणि १९१२ व १९१४ सालीं लीगचें अजिंक्यपद मिळविलें. नंतर बहुत काळ उतरती कळा आली. तेव्हां जॅक वॉकर नांवाचा ब्लॅकबर्नचाच सुपुत्र, पोलादाच्या धंद्यांत अमाप पैसा मिळवून, १९९१ च्या सुमारास क्लबाच्या पाठीशीं उभा राहिला. त्याच्या द्रव्यबळानें १९९५ सालीं रोव्हर्स पुनः अजिंक्य ठरला. वॉकर २००० सालीं वारला. त्याच्या मागें क्लब एका न्यासाच्या हातीं राहिला, आणि त्या न्यासानें दहा वर्षांनीं तो पुण्याच्या घराण्यास विकला.

परक्या देशांतील व्यापाऱ्यानें इंग्लंडच्या खेळांत पैसा घालणें ही गोष्ट तोंवर नवी राहिली नव्हती. १९७६ मध्यें केटरिंग टाउन या लहान क्लबानें खेळाडूंच्या सदऱ्यावर प्रथम एका टायरविक्रेत्याचें नांव झळकविलें, तेव्हां खेळाच्या चालकांनीं डोळे वटारले होते. १९७९ मध्यें लिव्हरपूलच्या छातीवर हिताची आली, आणि नंतर आर्सेनलच्या छातीवर जे.व्ही.सी. व मँचेस्टर युनायटेडच्या छातीवर शार्प. हीं तिन्ही नांवें जपानचीं. यांतील हिशेब सोपा आहे. परक्या देशाचें यंत्र घरांत घेण्यास गृहस्थ कचरतो. परंतु तेंच नांव त्याच्या लाडक्या संघाच्या छातीवर दर शनिवारीं दिसूं लागलें म्हणजे तें परकें वाटेनासें होतें. कंपनी पैसा देते आणि क्लब आपल्या ओळखीचा ओलावा देतो. जपानी कंपन्यांनीं सदऱ्यावर नांव लावलें, पण क्लबाचा कारभार, रंग, गीत यांस हात लावला नाहीं. पाहुण्यानें ओसरीवर बसावें, माजघरांत शिरूं नये, हें त्यांनीं पाळलें.

मालक होणें निराळें. मालक माजघरांतच येतो. २०१० या एकाच वर्षांत आशियांतील तीन धन्यांनीं ब्रिटनमधील तीन क्लब घेतले, आणि त्या तिघांच्या कथा शेजारीं ठेवून पाहिल्या कीं आपला प्रश्न आपोआप उलगडतो. मलेशियाच्या व्हिन्सेंट टॅन यांनीं वेल्समधील कार्डिफ सिटी घेतला, थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनीं लेस्टर सिटी घेतला, आणि आपल्या पुण्याच्या वेंकीजनें ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला.

प्रथम पुण्याचें पाहूं. हें घराणें कांहीं आगापीछा नसलेलें नव्हे. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ मध्यें हा उद्योग उभा केला. अंड्याचा भाव दलालानें न ठरवितां उत्पादकानें ठरवावा, म्हणून १९८२ सालीं देशभरच्या कुक्कुटपालकांची जी समन्वय समिती स्थापन झाली, तिच्यामागें त्यांचेंच कर्तृत्व होतें. आपल्या देशांतील शेतकऱ्याची नाडी त्यांना अचूक सांपडली होती. १९९६ मध्यें ते वारले. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई व पुत्र वेंकटेश आणि बालाजी राव यांनीं विलायतेंतील ही खरेदी केली. जगाच्या घरोघरीं पाहिल्या जाणाऱ्या खेळाच्या द्वारें आपलें नांव सर्वत्र पोंचावें, ही आकांक्षा व्यापारदृष्ट्या गैर म्हणतां येणार नाहीं.

परंतु खरेदीस महिना होतो न होतो तोंच, १३ डिसेंबर २०१० रोजीं, सॅम अ‍ॅलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकास दूर करण्यांत आलें. संघ तेव्हां वीस क्लबांच्या कोष्टकांत तेरावा होता. त्याच्या जागीं हाताखालील स्टीव्ह कीन आले. पुढल्या वर्षीं ऑक्टोबरांत संघ पुण्यास आला व बालेवाडीस पुणे एफ्.सी.शीं सामना खेळला; त्यानंतर थोड्याच दिवसांत, खेळाडू सामन्यापूर्वीं आपल्या खोलींत बसून कंपनीची कोंबडी खात आहेत, अशी जाहिरात झळकली. येथें आपणांस ती गमतीची वाटली असती. तेथें संघ हरत होता, आणि हरणाऱ्याच्या हातीं तंगडी देऊन त्याची तसबीर काढणें ही गांवास थट्टा वाटली. ७ मे २०१२ रोजीं स्वतःच्या मैदानावर विगनकडून हार खाऊन रोव्हर्स सर्वोच्च श्रेणींतून बाहेर पडला. त्या दिवशीं कोणी प्रेक्षकानें क्लबाच्या रंगांचें वस्त्र गुंडाळलेली एक कोंबडी मैदानांत सोडून दिली. ज्या पांखरावर घराण्याचें वैभव उभें होतें तेंच निषेधाचें निशाण झालें. २०१७ मध्यें क्लब तिसऱ्या श्रेणींत घसरला. प्रीमियर लीगचें अजिंक्यपद भूषविलेल्या संघाची अशी गत प्रथमच झाली. पुढल्या वर्षीं तो दुसऱ्या श्रेणींत परतला.

न्यायानें बोलावयाचें तर मालकांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्लब तोट्यांत चालत असतां त्यांनीं दहा वर्षांहून अधिक काळ त्यांत पैसा ओतला. रोव्हर्सच्या ऱ्हासानंतर तो मोडीत विकून ते निघून जाऊं शकले असते. ते गेले नाहींत. २०२३ मध्यें, येथील एका चौकशीमुळें, क्लबासाठीं पैसे बाहेर धाडण्यास दिल्ली उच्च न्यायालयाची अनुमती घेण्याची पाळी आली; तरी तेंही केलें. मग गांवाची तक्रार काय? तक्रार पैशाची नाहीं. तक्रार अशी कीं धनी दिसत नाहींत, बोलत नाहींत, विचारीत नाहींत.

कार्डिफची गोष्ट याहून निराळी, पण धडा तोच. तो संघ शतकभर निळा पोशाख घालीत आला आणि 'ब्लूबर्ड्स' हें त्याचें लाडकें नांव. नव्या मालकानें २०१२ मध्यें पोशाख तांबडा केला, कारण आशियांत तांबडा रंग शुभ व बाजारास अनुकूल. २०१३ मध्यें संघ सर्वोच्च श्रेणींत चढलाही. परंतु विजय मिळूनही लोकांचें समाधान होईना, आणि २०१५ च्या जानेवारींत निळा रंग परत आणावा लागला.

लेस्टरचे विचाई हेही तितकेच परके. त्यांनीं आपले बौद्ध भिक्षु आणून मैदानावर आशीर्वाद देवविले, परंतु संघाचा रंग बदलला नाहीं. ते सामन्यांस येत, सामान्य प्रेक्षकांत मिसळत, आणि शहराच्या रुग्णालयासही त्यांनीं मोठी देणगी दिली. २०१६ मध्यें, हंगामाच्या आरंभीं पैजा घेणारे पांच हजारांस एक असा भाव देत असतांना, लेस्टर अजिंक्य ठरला. २०१८ च्या ऑक्टोबरांत मैदानाबाहेरच हेलिकॉप्टर कोसळून विचाई मरण पावले, तेव्हां त्या इंग्रजी शहरानें फुलांचा खच घातला, व २०२२ मध्यें त्यांचा पुतळा उभा राहिला. हा मान पुढें वारसांना आपोआप मिळाला नाहीं. २०२३ व २०२५ सालीं संघ खालच्या श्रेणींत गेला तेव्हां तेथेंही असंतोष उसळला. मान मृत्युपत्रांत लिहून ठेवतां येत नाहीं.

आपल्या दक्षिण कोंकणांतील माणसाला हें सारें समजावून सांगण्याची गरजच नाहीं. त्याच्या गांवऱ्हाटींत ही गोष्ट शतकानुशतकें चालत आली आहे. गांवच्या देवस्थानाचे बारा-पांच मानकरी असतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणें कोणी घालावयाचें, तरंग कोणाच्या हातीं, हें ठरलेलें असतें. मुंबईस जाऊन लक्षाधीश झालेल्या गृहस्थानें देवळावर नवीं कौलें घातलीं, सभामंडप बांधून दिला, तर गांव त्याचे आभार मानील, त्याच्या नांवाची फरशी बसवील. पण गाऱ्हाणें घालण्याचा अधिकार त्याला त्या फरशीबरोबर मिळत नाहीं. मालवण तालुक्यांतील आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा घ्या. लाखों लोक येतात, मंत्री येतात, मुंबईहून गाड्या भरून येतात. परंतु जत्रेचा दिवस पंचांगांत नसतो, आणि तो कोणा मंत्र्याच्या सोयीनेंही ठरत नाहीं. आंगणे मंडळी देवीचा कौल घेऊन तो ठरवितात, आणि सारें कोंकण त्याची वाट पाहतें.

यावर कोणी म्हणेल, पुण्याहून ब्लॅकबर्न दूर, धन्यानें वारंवार जावें कसें? त्याचेंही उत्तर आपल्या चाकरमान्यापाशीं आहे. तो वर्षाचे अकरा महिने गांवाबाहेर असे, आणि तरी गांवांतला त्याचा वांटा कोणी काढून घेतला नाहीं. कारण चतुर्थीला आणि जत्रेला तो कर्ज काढून येई, आपल्या घरच्या मानाचा नारळ आपल्या हातानें देई, आणि आला म्हणजे ज्येष्ठांच्या पायां पडे. दूर राहण्यानें माणूस परका होत नाहीं. न येण्यानें आणि न विचारण्यानें तो परका होतो.

तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोवें लागतें, आणि तेथें व्यापारी व फुटबॉल यांच्या नात्याचा तिसरा प्रकार दिसतो. खाणींच्या धंद्यांतून पुढें आलेल्या साळगांवकर आणि धेंपो या घराण्यांनीं संघांना आपलींच नांवें दिलीं. साळगांवकर क्लब १९५६ चा. धेंपोच्या संघानें तर देशाचें लीग अजिंक्यपद पांच वेळां पटकाविलें. तेथें धनी आणि मानकरी एकच होते. सामना हरला तर मालकाला दुसऱ्या दिवशीं बाजारांत, देवळांत, लग्नांत लोक गांठून जाब विचारीत. परंतु या जवळिकीलाही मर्यादा होती. खाणींवर २०१२ मध्यें बंदी आली, आणि देशांतील स्पर्धेची मांडणी या जुन्या क्लबांना डावलून केली जात आहे असें दिसतांच २०१६ मध्यें दोन्ही घराण्यांनीं राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें. येट्सचा ऑलिंपिक संघ काय, साळगांवकर-धेंपो काय, एका घराच्या इच्छेवर आणि एका धंद्याच्या तेजीवर उभी असलेली संस्था त्या इच्छेबरोबरच थांबते.

मध्यंतरीं वारा उलटाही वाहूं लागला होता. २०१४ मध्यें इटलीच्या फिओरेंतिना क्लबानें पुण्याच्या एफ्.सी. पुणे सिटी या नव्या संघांत भागी घेतली; तो संघ २०१९ मध्यें संपुष्टांत आला. त्याच वर्षीं मँचेस्टरशीं निगडित असलेल्या सिटी फुटबॉल ग्रूपनें मुंबई सिटी एफ्.सी. चे ६५ टक्के भाग घेतले. म्हणजे जो प्रश्न ब्लॅकबर्नच्या विणकराच्या नातवानें पुण्याच्या धन्यास विचारला, तो परळ-लालबागच्या गिरणी कामगाराचा नातू त्या काळांत मँचेस्टरच्या धन्यास विचारूं शकत होता: आमच्या मैदानावर तुमचा पैसा आला, तुम्ही केव्हां येणार?

या प्रश्नाचें उत्तर केवळ धन्याच्या सद्बुद्धीवर सोडूं नये असेंही कांहीं देशांनीं ठरविलें आहे. जर्मनींत १९९८ पासून असा नियम आहे कीं बाहेरच्या धनिकानें कितीही भांडवल घातलें तरी, थोडे अपवाद वगळतां, निम्म्याहून अधिक मतें क्लबाच्या सभासदांच्याच हातीं राहिलीं पाहिजेत. इंग्लंडनेंही २०२५ सालीं कायदा करून फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमला, आणि क्लबाचा रंग व चिन्ह यांसारख्या वारशाच्या गोष्टी पाठीराख्यांना डावलून बदलूं नयेत अशी तजवीज केली. बारा-पांचांचा मान जणु आतां कायद्याच्या पुस्तकांत शिरत आहे.

पण कायदा मान राखूं शकतो. देऊं शकत नाहीं. आपल्या देशांतील उद्योजक आज जगांत कोठेंही जाऊन खरेदी करण्याइतके समर्थ झाले आहेत, आणि ते जावेत. जातांना त्यांनीं एकदां त्या वॉटसनच्या नमुन्यांची आठवण करावी. आपल्यावर राज्य करणाऱ्यांनीं आपल्याला धोतर विकण्यासाठीं सातशें तुकडे कापून अभ्यासले, कांठाची रुंदी मोजली, देवांचीं नांवें पाठ केलीं. त्यांच्याजवळ प्रेम नव्हतें. पण अभ्यास होता. ज्या शहरानें हा अभ्यास केला त्याच शहरांत जाऊन आपण मात्र रंग, नांव, रूढी आणि रुसवे यांची चौकशी न करतां केवळ किंमत विचारली, तर व्यापारी म्हणूनही आपण उणे ठरतों. आणि अभ्यासाच्या जोडीला, डार्वेनच्या कामगारांपुढें जाऊन उभ्या राहिलेल्या त्या पाहुण्याप्रमाणें, समोर येऊन ऐकून घेण्याचें धैर्य असेल, तर परक्या मुलखांतही धन्याला मानकऱ्यांच्या पंगतींत पान मांडलें जातें. लेस्टरच्या लोकांनीं तें एका थायलंडच्या माणसासाठीं मांडलें. उद्यां तें एखाद्या पुणेकरासाठीं मांडलें जाणार नाहीं असें नाहीं.